पोटखराब

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या सरपंचबाई घरी आल्या होत्या. बाई म्हणतोय खरा, पण ती माझीच विद्यार्थिनी. चौथीत असताना सतराच्या पाढ्याला हमखास अडायची. आता गावाचं अंदाजपत्रक तीच मांडते! चहा झाल्यावर तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. गावाच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, तिथलं गायरान सौर ऊर्जा प्रकल्पासाठी भाडेपट्ट्यानं द्यायचं की नाही, यावर ग्रामसभेचं मत घ्यायचं आहे.

"गुरुजी, माळ तर रिकामाच पडलाय ना? नुसतं गवत अन् दगड. दिवसा वीज मिळाली तर माणसं रात्रीची दारं धरायला जायची थांबतील."

मी पटकन म्हणून गेलो, "अगं, माळ कधी रिकामा नसतो."

"मग लिहून द्या की," ती म्हणाली. "ग्रामसभेत वाचून दाखवू. आम्हाला तरी कुठं ठाऊक आहे माळाचा इतिहास?"

शाळेत आयुष्यभर मी शिवाजी महाराज, पानिपत आणि १८५७ शिकवलं. रोज सायकलीवरून ज्या माळातून शाळेत जात होतो, त्याचा इतिहास मात्र एकदाही शिकवला नाही. तो ना पुस्तकात होता, ना परीक्षेत. म्हणून हा उशिराचा धडा.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला सीना आणि मध्ये हा कोरडा उंचवटा. सात सदस्यांची ग्रामपंचायत. कायद्यानं पंधराशे लोकवस्तीपर्यंतच्या गावाला सातच सदस्य मिळतात, म्हणजे आमचा नंबर सगळ्यात खालचा. वस्ती विरळ, वाड्या लांब लांब. एका वाडीवरून दुसरीवर जायचं तर मधे फक्त माळ. हिवराचं एखादं झाड, तरवडाची झुडपं, बोरी आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. पवन्या, मारवेल, शेडा आणि धोतराला चिकटणारी ती कुसळं! नव्या मास्तराची ओळख आधी कुसळांशी होते, मग गावाशी.

या माळाला सरकारदरबारी एक नाव आहे. सातबारा वाचता येणाऱ्यांना ते ठाऊक असेल. पोटखराब. शेताचा जो भाग पिकाला निरुपयोगी म्हणून आकारणीतून वगळतात तो पोटखराब. इंग्रजांच्या काळात जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली ती १८३५-३६ च्या सुमारास, आमच्या भीमेपलीकडच्या इंदापुरात. गोल्डस्मिड आणि विंगेट हे त्यामागचे अधिकारी. साखळी टाकायची, शेताचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाची प्रत ठरवायची आणि त्यावर सारा बसवायचा. पद्धत चांगली होती, आधीच्या अंदाजी वसुलीपेक्षा रयतेला सोयीची होती. पण हिशेब एकच: या जमिनीतून सारा किती येईल? ज्यातून येणार नाही ती खराब. गवत पिकतं, पण गवताचा सारा नाही. म्हणून गवत उगवणारी जमीन खराब. हा शब्द कागदावर चढला आणि पुढे डोक्यातही बसला. आपल्या सरकारनं २००० साली पडीक जमिनींचा देशव्यापी नकाशासंग्रह काढला, त्यातही झुडपी माळरानं पडीक म्हणूनच रंगवली आहेत. राज्य बदललं, रंग तोच राहिला.

आता हे 'खराब' रान कोणाच्या पोटाला लागत होतं ते सांगतो.

पहिले मेंढपाळ. आमच्या जिल्ह्यातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचे वाडे घाट उतरून कोकणात कल्याण-भिवंडीपर्यंत जात आले आहेत. पावसाच्या तोंडावर परत. परतल्यावर चरायला माळ आणि बसायला कुणाचं तरी शेत. रात्री मेंढरं शेतात बसवली की लेंडीचं खत मिळतं, त्याचे शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. माझ्या लहानपणी वडील मेंढरं बसवायला धनगराकडे आठ-आठ दिवस आधी नंबर लावत. म्हणजे माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून आमच्या ज्वारीत येत होतं. कागदावर मात्र ज्वारीचं शेत जिराईत आणि माळ पोटखराब! जणू दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही.

याच माळावर, आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, चौंडी नावाचं छोटं गाव आहे. तिथं १७२५ साली माणकोजी शिंद्यांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. धनगराची लेक. पुढे इंदूरच्या होळकरांचं राज्य त्यांनी कसं चालवलं, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि मंदिरं कशी बांधली, ते सगळ्यांना माहीत आहे. २०२४ साली आपल्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. २०२५ मध्ये त्रिशताब्दीच्या निमित्तानं राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. आनंदच आहे. पण मनात आलं, ज्या माळावर ही मुलगी वाढली तो माळ आपण पोटखराबात धरतो, आणि नाव मात्र जिल्ह्याच्या पाटीवर लावतो.

दुसरी गोष्ट, हा माळ नांगरण्याचा मोह काही आजचा नाही. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमधल्या शेतकऱ्यांनी सावकाराकडून कर्ज काढून हलक्या जमिनीसुद्धा वहितीखाली आणल्या. युद्ध संपलं, भाव कोसळला, वर साऱ्याची फेरआकारणी आली. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तो वणवा आमच्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागातही पसरला. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाच्या कामावर तेव्हा दुष्काळी मजूर लागले आणि १८७८ मध्ये गाडी सुरू झाली. श्रीगोंद्यावरून जाणाऱ्या त्या गाडीत बसताना आता मला दरवेळी त्या माणसांची आठवण येते.

चांगल्या वर्षी माळ मोडायचा, वाईट वर्षी तो आपल्याला मोडतो. हे मी पुस्तकात नंतर वाचलं. डोळ्यांनी पाहिलं ते १९७२ ला.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एकशिक्षकी शाळा, पत्र्याचं छप्पर, पटावर एकतीस मुलं. त्या वर्षी हजेरी घेताना निम्मी नावं गैरहजर असायची. पोरं आईबापांबरोबर कामावर. माळावरच पाझर तलावाचं काम निघालं होतं, पलीकडे खडी फोडण्याचं. मीही मग फळा उचलून दुपारी कामावर जायचो आणि हिवराखाली अर्धा तास वर्ग भरवायचो. मुलांना सुकडी मिळायची. रेशनवर लाल ज्वारी यायची, तिला 'मिलो' म्हणायचे. अमेरिकेतून आलेली. भाकरी थापताना तुटायची आणि खाताना नकोशी व्हायची, पण तिनं जगवलं हे खरं. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला ती वाट दाखवणारी ठरली.

माळ तर खडखडीत झाला होता. गवताचं बूडसुद्धा दिसेना. मला वाटलं, हा संपला. पण १९७३ चा पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत सगळीकडे हिरवी लव! शेतं पेरायला बियाणं नव्हतं, बैल विकले गेले होते, पण माळानं कुणाकडे बियाणं मागितलं नाही. गावातली पहिली चार जनावरं जगली ती त्याच गवतावर.

त्याच वर्षी भाद्रपदात मी माळढोक पाहिला. सायकल पंक्चर म्हणून चालत निघालो होतो. वाटेत ओळखीचा एक म्हातारा धनगर बसला होता. त्यानं बोटानंच गप्प राहायची खूण केली. "गुर्जी, हलू नका. त्यो बगा हूम." गवतातून एक उंच मान वर आली. माणसाच्या कमरेएवढा पक्षी, डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान. दोन पावलं टाकली, थांबला, पुन्हा दोन पावलं. एखादे पोक्त पाटील शिवार बघायला निघालेत अशी चाल! नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, त्या आवाजावरून आमच्याकडे त्याला हूम म्हणत. वजन पंधरा किलोपर्यंत जातं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. झाड नको, घरटं नको. फक्त मोकळा माळ हवा आणि कुणी त्रास द्यायला नको. डॉ. सालिम अलींना हाच आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला.

पुढे १९७९ साली सरकारनं माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्यातले तालुके आणि आपल्याकडचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. पक्षी माळावर राहतो, पण अभयारण्याच्या हद्दीत माळ होते तशी शेतं, गावं, बाजारपेठा, सगळंच आलं. १९८० मध्ये कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झालं, ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. एक तालुक्यांएवढं, दुसरं मळ्याएवढं. रेहेकुरीत काळवीट वाढले, आजही कळप दिसतात. माळढोकाचं मात्र उलटं झालं.

त्याचं कारण मी जवळून पाहिलं आहे. गावात लिहिता येणारा हक्काचा माणूस म्हणजे गुरुजी. अभयारण्याच्या हद्दीतल्या जमिनींच्या व्यवहारांवर, बिगरशेती परवान्यांवर निर्बंध आले तेव्हा लोकांचे अर्ज मीच लिहायचो. एकाला मुलीच्या लग्नासाठी एकरभर रान विकायचं होतं. दोन वर्षं हेलपाटे घातले. लग्न शेवटी कर्जावर झालं. एकदा मी पाचवीच्या मुलांना 'माझा आवडता पक्षी' निबंध दिला. एका मुलानं लिहिलं, "माळढोक हा सरकारचा पक्षी आहे. तो आमच्या जमिनीत बसला की जमीन सरकारची होते. म्हणून आम्ही त्याला बसू देत नाही." मी त्या वाक्याखाली लाल शाई लावली नाही. काय दुरुस्त करणार?

ज्या म्हाताऱ्यानं मला बोटानं गप्प बसवून तो पक्षी दाखवला होता, त्याच्याच माळावर एका पिढीत तो पक्षी शत्रू झाला. अर्थात सगळा दोष त्या कागदाचा नाही. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, माळ सपाट करून ऊस आला, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली, शिकारी तर होतेच. २०१२ मध्ये अभयारण्याचं क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं, म्हणजे सातवा हिस्सा. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तोवर आमच्या माळावर हूम ऐकू येईनासा झाला होता. आज सबंध देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. आणि तिथेही भांडण कशावरून? सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांच्या तारांवरून. तारांना धडकून पक्षी मरतात म्हणून त्या जमिनीखालून न्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दिला. २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, हीच तर पंचाईत.

आता थोडं लांबचं सांगतो. माझी मुलगी कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. तिनं एक दिवस गाडीनं दक्षिणेकडे नेलं. क्षितिजापर्यंत सपाट गवत आणि गहू, मधे घर दिसलं तर दिसलं. मी म्हटलं, "हा तर आपला माळ! फक्त कुसळं नाहीत." तिथेही ग्रामपंचायती आहेत. जवळजवळ तीनशे. एकेक साधारण अठरा मैल लांब आणि अठरा मैल रुंद, म्हणजे आठशे चौरस किलोमीटरहून मोठी, आणि कित्येकींत माणसं मात्र आमच्या वाडीएवढी, तीनचारशे! सरपंचाला 'रीव्ह' म्हणतात. काम मुख्यतः रस्ते राखायचं. सरपंच कोणाचा, यावरून भांडणं होतात का, हे विचारायचं राहून गेलं.

त्या माळाचा इतिहास मुलीनं मला वाचायला दिला, आणि मी थक्क झालो. १८५७ ते ६० मध्ये पॅलिसर नावाच्या माणसानं पाहणी करून सांगितलं होतं की दक्षिणेचा हा त्रिकोणी पट्टा शेतीला फार कोरडा आहे. तरी १८७२ च्या कायद्यानं १० डॉलर फी घेऊन १६० एकर देण्याची योजना निघाली. 'रिकामी जमीन' म्हणून. ती रिकामी नव्हती. क्री आणि इतर मूळ रहिवासी तिथं गवे पाळत फिरत होते. पाळत म्हणजे आपल्या अर्थानं नव्हे, गव्यांच्या मागं राहत होते. त्यांच्याशी १८७४ मध्ये करार झाला, पुढच्या काही वर्षांत गवे संपले आणि ते लोक राखीव जागांत गेले. मग नांगर चालला. १९३० नंतरच्या दुष्काळात माती वाऱ्यावर उडाली आणि हजारो कुटुंबं घरंदारं टाकून निघून गेली. तेव्हा १९३५ साली त्यांच्या केंद्र सरकारनं एक खातं काढून, मोडलेल्या जमिनीत पुन्हा गवत लावलं आणि सामाईक चराऊ कुरणं केली. थोडक्यात, गायरानं! आधी मोडून मग पैसे खर्चून परत केलेली गायरानं. आणि २०१२ मध्ये केंद्रानं तीही प्रांतांकडे सोपवायचं ठरवलं.

इतक्या लांबच्या, इतक्या श्रीमंत देशातही गोष्ट तीच. जिथं माणसं थोडी, तिथली जमीन रिकामी समजायची.

आपल्या जिल्ह्यात याचं दुसरं उत्तरही आहे. हिवरे बाजारला १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांनी गावाला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान अशी शिस्त लावली. गवत कापून न्या, पण जनावर मोकळं सोडू नका. उजाड डोंगर गवतानं भरला, दूध वाढलं, शहरात गेलेली कुटुंबं परतली. २०२० च्या पद्मश्रींमध्ये पोपटरावांचं नाव होतं. मी मुलांची सहल तिकडे नेली होती आणि खरोखर भारावून आलो. पण एक गोष्ट तेव्हा सुचली नाही, आता सुचते. चराईबंदीत गावची गाय गोठ्यात जाते. वाटसरू धनगराची मेंढरं कुठं जाणार? ग्रामसभेत त्याचं मत नाही, कारण मतदार यादीत तो दुसऱ्याच गावचा.

सरपंचबाईंना मी हे सगळं तोंडी सांगितलं तेव्हा ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "गुरुजी, माझा धाकटा दीर मागच्या हिवाळ्यात रात्री पाणी द्यायला गेला होता. उसातून बिबट्या निघाला. जीव वाचला म्हणून आज बोलतेय. त्याला मी माळढोक सांगू का?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. दिवसा वीज हवीच. प्रकल्पाला विरोध करायला मी हे लिहिलेलं नाही. लोकांचे अर्ज लिहून लिहून मला एवढं कळलंय की माळ वाचवायचा भार नेहमी सगळ्यात गरिबाच्या सातबाऱ्यावर टाकला जातो, आणि मग तो माणूस माळाचाच वैरी होतो. ते पुन्हा नको.

माझं मागणं लहान आहे. जागा देण्याआधी एकदा माळ मोजा. साखळीनं नव्हे, ती मोजणी दोनशे वर्षांपूर्वीपासून होतेय. एक वर्ष कोण कोण माळावर येतं ते लिहून काढा. कोणत्या महिन्यात किती वाडे उतरतात, कुणाच्या शेळ्या चरतात, कोणती बाई सरपण आणि तरवडाची फुलं आणते, पावसाचं पाणी कुठून वाहून विहिरींकडे येतं, काळवीट कुठून ओलांडतात, टिटवी कुठं अंडी घालते. शाळेतली मुलं हे काम आनंदानं करतील. पटावर आता चौदाच मुलं आहेत; कमी पटाच्या शाळा बंद करण्याची चर्चा दर दोन वर्षांनी होते आणि २०१७ मध्ये राज्यातल्या दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा आमची थोडक्यात वाचली होती. चौदा मुलं माळ मोजायला पुरेशी आहेत. मग खाणीजवळ मुरूम उपसून जो भाग आधीच मोडलाय तो प्रकल्पाला द्या, आणि गवताचा भाग, मेंढरांची वाट ठेवून, राखा. भाड्याचे पैसे आले तर त्यातले थोडे त्या राखणीला लावा.

सरपंचबाई म्हणाली, "एक वर्ष कुणी थांबंल का, गुरुजी?" आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. जाताना दारात थांबली. "पण मेंढरांची वाट ठेवायचं मी बोलते. माझ्या आजीचा माहेरचा वाडा त्याच वाटेनं यायचा."

मला हे ठाऊक नव्हतं. चार वर्षं तिला शिकवलं, पण कधी विचारलंच नव्हतं.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. झेंडावंदनानंतर, शाळेच्याच पटांगणात.